हलक्या रायफलची पारख

दुकानात ती हलकी रायफल तुम्ही खांद्याला लावून बघितलीत, डोळा मिटून नेम धरलात, "छान आहे" म्हणालात, तेव्हा ती रोज तुमच्या हातातून परत कोण घेणार आहे, हे तुम्ही विचारलं होतं का?

नसेल विचारलं. मीही विचारलं नव्हतं, आणि माझं तर ते कामच होतं.

बहारीनमध्ये सनद नावाच्या गावाच्या पुढे, घरं संपून नुसती वाळू लागते तिथे एक खासगी नेमबाजी क्लब आहे. मी त्याच्या ऑफिसात बसते. सभासदांचे फॉर्म, रेसिडेंट आयडीच्या प्रती, कुणाला कितीची वेळ दिली त्याची यादी, हे माझं काम. बंदुकांशी माझा संबंध कागदापुरता होता आणि मला तेवढाच पुरेसा होता. माझे वडील रायगडात कारखान्यांच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटत मोठे झाले आणि मी ती पत्रकं वाचत. क कमळाचा शिकायच्या आधी मला क कंत्राटदाराचा माहीत होता. मी बंदुकीच्या क्लबात नोकरी धरली म्हटल्यावर ते तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात फोनवर एवढंच विचारलं, "तिथल्या कामगारांचं काय?" मी म्हटलं, "बाबा, मी नुसती फॉर्म भरते."

गेल्या हिवाळ्यात क्लबने नव्या रायफली घ्यायचं ठरवलं. जुन्या होत्या त्या लाकडी दस्त्याच्या, जड, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या. नवीन सभासद, विशेषतः बायका, दहा मिनिटांत हात दुखतो म्हणून खाली ठेवायच्या. म्हणून हलकी, सेमी-ऑटोमॅटिक हवी होती. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत येऊन बसते, चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. एका विक्रेत्याने एक नग दहा दिवसांसाठी बघायला ठेवला. आणि क्लबच्या मॅनेजरनी ती पारखायला मला बोलावलं.

मॅनेजर सांगलीकडचे. त्यांना आम्ही सर म्हणतो. त्यांना जेव्हा एखादं काम ड्युटी संपल्यावर करून हवं असतं, तेव्हा ते "आपण मराठी माणसं" या शब्दांनी सुरुवात करतात.

"आपण मराठी माणसं, म्हणून तुला सांगतो," ते म्हणाले. "तू ही आठवडाभर चालव आणि रिपोर्ट लिही. तुझं वजन किती? पंचेचाळीस?"

"सर, वजन रायफलचं लिहायचंय की माझं?"

"बघा! तोंड बघा हिचं. अगं, तुला पेलली म्हणजे कुणालाही पेलेल. एवढा साधा हिशेब आहे."

त्यांनी मला दोन पानी छापील फॉर्म दिला. वजन, तोल, चाप, नेम धरायची साइट, गोळी नीट भरते का, नेम कितपत बसतो, दुरुस्तीची सोय, किंमत. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे आणि दोन ओळी जागा. फॉर्म ज्याने कुणी तयार केला असेल त्याने रायफल आयुष्यात नक्की शेकडो वेळा चालवली असणार आणि एकदाही साफ केली नसणार.

साफ करण्याचं काम चाचांचं. दापोलीकडचे कोकणी मुसलमान, पन्नाशी उलटलेले. क्लब उभा राहिला तेव्हापासून तिथे आहेत. अरादला गावाकडच्याच दोघांबरोबर एका खोलीत राहतात. सभासदाला रायफल काढून द्यायची, झाल्यावर परत घ्यायची, पुसायची, कपाटात कुलपात ठेवायची, हे सगळं तेच करतात. साठीचे सभासदही त्यांना चाचाच म्हणतात. अरबी आमच्यात सगळ्यात चांगली त्यांचीच. माझ्याशी मात्र घरचं मराठी बोलतात आणि मला बाय म्हणतात.

पहिल्या दिवशी मी रायफल उचलली आणि खरं सांगते, आवडली. अडीच किलोच्या आसपास. दस्ता काळ्या प्लास्टिकचा. अर्धा तास धरून हात दुखला नाही. पण नळीकडची बाजू इतकी हलकी की श्वास घेतला तरी टोक हलायचं. जड बंदूक दमवते, पण निदान जागेवर राहते. चाप ओढताना मधेच दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. मॅगझिन, म्हणजे दहा गोळ्यांची डबी, काढायचं बटण इतकं घट्ट की माझं नख तुटलं. घाम आला की दस्ता हातातून निसटायचा. हिवाळ्यात घाम येतो तर ऑगस्टमध्ये काय होईल, असं मी लिहिलं. सरांनी ते खोडलं. "ऑगस्टमध्ये कोण येतंय?"

पन्नास मीटरवरच्या कागदावर माझी भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरलेली होती. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "हा रायफलचा दोष नाही. चाचा, पाच मारा जरा." चाचा पोटावर आडवे झाले, पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकली गेली. सरांनी नेमाच्या रकान्यात पाचपैकी पाच लिहिले आणि 'कोणी चालवली' या ओळीवर लिहिलं, 'स्टाफ'. माझं नाव मात्र वरच्या ओळीत पूर्ण होतं, आडनावासकट. रायफलचा नेम सिद्ध करायला चाचांचा डोळा चालत होता. त्यांचं मत मात्र फॉर्ममध्ये कुठेच बसत नव्हतं.

मत त्यांना होतं. दुसऱ्या दिवशी स्वस्तातल्या गोळ्या वापरून बघताना एक रिकामं काडतूस बाहेर पडता पडता अडकलं. चाचांनी ते काढलं, रायफल उलटसुलट केली आणि हळूच म्हणाले, "बाय, ही तोंड मिटते."

"म्हणजे?"

"शेवटची गोळी गेली तरी हिचं तोंड उघडं रहात नाय. जुनीचं बोल्ट मागं घेतलं की उघडं. लांबून दिसतं, आत काय नाय. हिचं बघून काय कळत नाय. भरलेली नि रिकामी सारखीच."

मी बघितलं. खरंच. जुन्या रायफलीत सभासद शेवटची गोळी मारून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढून ठेवायचा आणि गोळी बसायची जागा, तिला चेंबर म्हणतात, ती आ वासून दिसायची. ही नवीन रायफल प्रत्येक गोळीनंतर आपणहून बंद व्हायची, शेवटच्या गोळीनंतरही. आत काही आहे का ते बघायचं तर बाजूची मूठ खेचून, धरून आत डोकवावं लागायचं.

"मग खेचून बघायचं," मी म्हटलं. "त्यात काय?"

चाचा हसले. हसण्यात थोडी कीव होती. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी ऑफिसात दोन वर्षं बसून कधी बघितलं नव्हतं.

क्लबात रीत अशी आहे. सभासदाचं झालं की तो हात किंचित वर करतो आणि म्हणतो, "खलास." कुठल्याही देशाचा असो, इंग्रज असो, फिलिपिनो असो, आपला असो, शब्द हाच. चाचा पुढे होतात, रायफल घेतात. आता तो माणूस समोर उभा असताना चाचांनी चेंबर उघडून आत बघितलं, तर त्याचा अर्थ काय?

"अर्थ असा का तू खोटं बोलतोस," चाचा म्हणाले. "तो बोलला ना खलास. त्याच्या तोंडावर मी तपासायचं? एकदा केलेलं मी, पहिल्या वर्षी. तो साहेब काय बोलला ठाऊक? बोलला, मला शिकवतोस? त्या टायमाचे मॅनेजर होते, त्यांनी मला बाहेर उन्हात उभा केला."

"मग तपासत नाही?"

"तपासतो तर. पाठ करून."

म्हणजे रायफल घेऊन ते वळायचे, तीन पावलांवर टेबल होतं तिथे जायचे आणि सभासदाकडे पाठ करून उघड्या चेंबरमध्ये एक नजर टाकायचे. मग बोल्ट बंद करायचे, नळी जमिनीकडे करायची आणि चाप दाबायचा, म्हणजे आतली स्प्रिंग मोकळी होते आणि रायफल कपाटात ताणलेली राहत नाही. इतकी वर्षं त्यांनी असंच केलं. कुणाचा मान दुखावला नाही आणि कुणाला गोळी लागली नाही. नव्या रायफलने हे मोडलं. तिची मूठ खेचली की 'खटॅक' असा आवाज होतो आणि तो पाठ फिरवून लपत नाही.

मी रागावले. पत्रकांवर वाढलेली मुलगी रागावली की आधी कागद शोधते. मी फॉर्मवर, दिलेल्या दोन ओळींच्या बाहेर जाऊन, समासात लिहिलं: शेवटच्या गोळीनंतर रायफल उघडी राहत नाही, परत घेणाऱ्या माणसाला धोका आहे, ही रायफल घेऊ नये किंवा क्लबची रीत बदलावी.

सरांनी ते वाचलं. "हे काय?"

"दोष आहे सर."

"दोष नाही, डिझाइन आहे. आणि उघडी राहण्याचा सुटा पार्ट मिळतो. विक्रेता म्हणालाय, नंतर बसवून देतो. तू लिही, 'पार्ट उपलब्ध'."

"आणि रीत?"

"कसली रीत?"

"सभासदाने स्वतः उघडून दाखवायची. चाचांनी त्याच्यासमोर बघायचं."

सरांनी चष्मा काढला. "हे बघ. सभासद इथे पाहुणा आहे. त्याला आपण सांगायचं, साहेब, तुमच्यावर विश्वास नाही, उघडून दाखवा? तुझ्या वडलांच्या गेटवर चालत असेल. इथे नाही चालत."

वडिलांचं नाव काढलं तेव्हाच मी उठून जायला हवं होतं. मी गेले नाही. मी समासातली ओळ खोडली आणि लिहिलं: पार्ट उपलब्ध. हे मी लिहिलं. माझ्या अक्षरात. या लेखात पुढे मी बऱ्याच लोकांवर आग ओकणार आहे, म्हणून हे आधी नोंदवून ठेवते.

शुक्रवारी सकाळी सरांनी एका जुन्या सभासदाला बोलावलं. तो चांगला नेमबाज, त्याचा शब्द कमिटीत चालतो. तो कुठल्या देशाचा हे मी लिहिणार नाही. लिहिलं की वाचणारा मान हलवून म्हणेल, त्यांच्यातले तसलेच, आणि सुटेल. त्याने रायफल हातात घेतली, तोलली, लहान मूल उचलावं तशी. मग मॅगझिनमध्ये दहा गोळ्या भरल्या आणि मारायला लागला. मारता मारता सरांशी बोलत होता. नव्या गाडीबद्दल. त्याने नऊ मारल्या. दहावी आपणहून चेंबरमध्ये जाऊन बसली होती. त्याने मॅगझिन काढलं, उलटं करून बघितलं, रिकामं होतं. हात किंचित वर केला.

"खलास, चाचा."

मॅगझिन त्याच्या हातात रिकामं दिसत होतं. मलाही दिसत होतं. चाचांनाही दिसलं. सभासद तीन फुटांवर उभा होता आणि सरही. मूठ खेचली असती तर दोघांनी ऐकलं असतं. चाचांनी रायफल घेतली, वळले, तीन पावलं गेले, नळी जमिनीकडे केली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने स्प्रिंग मोकळी करायला चाप दाबला.

छपराखाली तो आवाज फार मोठा वाटला. गोळी काँक्रीटवर आपटली. चाचा टेबलाला धरून उभे राहिले. रायफल त्यांनी सोडली नाही, नळी अजून खालीच होती. काँक्रीटचा एक तुकडा त्यांच्या नडगीत घुसला होता आणि मोजा लाल होत होता.

सगळ्यात आधी बोलला तो सभासद. "मॅगझिन रिकामं होतं. तुम्ही सगळ्यांनी बघितलं." मग चाचांना म्हणाला, "चाचा, बघून घ्यायचं ना." आणि हात धुवायला गेला.

मी सरांना म्हटलं, "सलमानिया हॉस्पिटलला नेऊ या."

"थांब."

"रक्त येतंय सर."

"थांब म्हटलं ना. सलमानियाला पहिला प्रश्न काय विचारतील? कशाने लागलं. मग पोलीस. मग क्लबचं लायसन. मग बोट कुणाचं होतं चापावर? चाचाचं. मग चाचाचा व्हिसा. न्यायचंय? ने. मी अडवत नाही."

मी चाचांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा होता, पण पायाच्या दुखण्याने नव्हे.

"नको बाय," ते म्हणाले. "पट्टी बांध. काय नाय झालं."

मी पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी पाय सुजला तेव्हा मीच त्यांना सलमानियाला घेऊन गेले. कशाने लागलं, असं विचारल्यावर त्यांनी शुद्ध अरबीत सांगितलं, फरशीचा तुकडा उडाला. खोटं नव्हतं. डॉक्टरांनी जखम उघडली, तुकडा काढला, स्वच्छ केली, औषधं दिली. मी बाजूला उभी राहून गप्प बसले. दुसऱ्यांदा.

त्या संध्याकाळी मी घरी बसून वेगळा रिपोर्ट लिहिला. छापील फॉर्म बाजूला टाकला आणि साध्या कागदावर सरळ लिहिलं. दहा गोळ्या, नऊ मारल्या, एक आत राहिली. मॅगझिन रिकामं म्हणजे रायफल रिकामी नाही. मॅगझिन काढलेलं असतानाही ही रायफल उडते. ती बाहेरून बघून रिकामी कळत नाही. परत घेणारा माणूस तपासू शकत नाही, कारण तपासणं हा इथे अपमान समजतात. चाप चाचांनी दाबला, हेही लिहिलं. ते लिहिताना मला जड गेलं. माझ्या डोक्यातली सगळी पत्रकं सांगत होती की कामगाराचं बोट या ओळीत आणू नकोस. पण ते बोट होतंच. ते वगळलं असतं तर सरांनी पहिल्या मिनिटाला तेच माझ्यासमोर धरलं असतं. शेवटी 'पार्ट उपलब्ध' हे मी दबावाखाली लिहिलं, असं लिहिलं, मग 'दबावाखाली' खोडलं. कुणी माझा हात धरला नव्हता.

सकाळी मी तो कागद थेट क्लबच्या मालकांना पाठवला. सरांना प्रत दिली. सरांनी ती वाचून घडी घातली आणि एकच वाक्य बोलले. "चाचाला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मला वाटलं, विचारायचं काय त्यात? मी त्यांच्याच बाजूने लिहिलं होतं.

मालक बहारीनी, वयस्क, शांत बोलणारे. त्यांनी आम्हाला तिघांना बोलावलं, चहा मागवला, माझा कागद समोर ठेवला आणि चाचांना अरबीत विचारलं, हे असं झालं का? माझी अरबी तुटपुंजी आहे, पण उत्तर मला कळलं. चाचा म्हणाले, साहेबांनी रायफल नीट दिली होती. तपासायला कुणी कधी मनाई केली नाही. माझं लक्ष नव्हतं. चूक माझी. सरांनी आधीच टाइप करून आणलेला कबुलीजबाबाचा कागद पुढे केला. इंग्रजीत होता. चाचांनी सही केली. वाचला नाही. मालकांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, हे जास्त वाईट होतं. एक उत्साही मुलगी, जिला नीट माहिती नाही, अशी ती नजर होती.

मी चाचांना बाहेर पार्किंगमध्ये गाठलं.

"चाचा, खोटं का बोललात?"

"तुला कोणी सांगितलेलं लिहायला?"

"तुम्हीच सांगितलंत! पाठ करून बघतो म्हणालात, उन्हात उभा केला म्हणालात..."

"ते तुला सांगितलेलं. घरातल्या पोरीला सांगतात तसं. तू कागदावर घातलंस." त्यांचा आवाज मी कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. "माझी धाकटी फार्मसीला आहे. अजून दोन वर्षं. मला हितनं काढला तर तिची फी तुझा बाप भरणार का? पत्रकं विकून?"

"ते तुम्हाला काढणार होतेच, चाचा! सगळं तुमच्या माथी मारून!"

"नाय काढलं. सही केली म्हणून नाय काढलं. बघ, उद्या ड्युटीवर आहे मी." मग म्हणाले, "तू मला वाचवायला आलीस, नि मला न विचारता आलीस. ह्या सरात नि तुझ्यात काय फरक?"

मी खूप काही बोलले. त्यातलं बहुतेक मोठ्याने. आपण असंच मान खाली घालतो म्हणून हे लोक आपल्या डोक्यावर बसतात, असं काहीतरी, जे मी लहानपणापासून वाचत आले होते. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "यल्ला, चलतो, बस आली," आणि लंगडत गेले.

मला वॉर्निंग लेटर मिळालं. नेमबाजीच्या रेंजकडे जायचं नाही, ऑफिसातच बसायचं. रायफली क्लबने घेतल्या, आठ. सुटा पार्ट 'पुढच्या ऑर्डरमध्ये' येणार आहे. अजून आलेला नाही. चाचा कामावर आहेत. मला बाय म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात, आणि ते कानाला टोचावं म्हणूनच म्हणतात.

आणि त्यांची रीत बदलली आहे. ऑफिसच्या काचेतून मला दिसतं. आता ते तीन पावलांवरच्या टेबलापाशी थांबत नाहीत. 'खलास' ऐकलं की रायफल घेतात आणि थेट मागच्या स्टोअररूममध्ये जातात, दार लोटतात, आणि तिथे मूठ खेचतात, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. टेबलापासून दारापर्यंत अठरा-वीस पावलं आहेत. वाटेत बसायचे बाक आहेत, बाकांवर माणसं असतात. ती वीस पावलं ते एक कदाचित भरलेली रायफल घेऊन चालतात, दुखऱ्या पायावर, कुणाचा तरी मान राखण्यासाठी. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मग स्टोअररूममध्ये तपासतोय ना? झालं तर." मी मालकांना पुन्हा पत्र लिहिलं. उत्तर नाही. चाचांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, तुमचं काम ऑफिसात."

मी चाचांना बदलू शकले नाही. त्यांनी का बदलावं? त्यांनी एकदा तपासलं आणि उन्हात उभे राहिले, दुसऱ्यांदा नाही तपासलं आणि रक्त सांडलं, आणि दोन्ही वेळा चूक त्यांचीच ठरली. सरांना बदलायचं नाही. कमिटीला हा प्रश्नच दिसत नाही, कारण कमिटीतल्या कुणीही कधी दुसऱ्याच्या हातातून रायफल परत घेतलेली नाही. त्यांनी नेहमी दिली आहे.

मग उरता तुम्ही. तुम्ही, म्हणजे जो रायफल चालवतो तो. हा लेख तुमच्यासाठी आहे. बहारीनमध्ये असा, पुण्यात असा, कुठल्याही क्लबात असा. ही साखळी एकाच ठिकाणी तुटू शकते आणि ते ठिकाण तुमचा हात आहे. चाचांना तुमच्यासमोर तपासता येत नाही. तुम्हाला त्यांच्यासमोर तपासता येतं. त्यात तुमचा अपमान नाही, कारण कुणी तुम्हाला सांगितलेलं नाही.

म्हणून येत्या शुक्रवारी एवढं करा. शेवटची गोळी मारून झाली की नळी लक्ष्याकडेच ठेवा. मॅगझिन काढा. मूठ मागे खेचा आणि धरून ठेवा. आधी स्वतः आत बघा. मग रायफल घ्यायला जो उभा आहे त्याला नावाने हाक मारा, त्याला जवळ बोलावा, आणि तो आत बघून "बघितलं" असं तोंडाने म्हणेपर्यंत रायफल त्याच्या हातात देऊ नका. तो संकोचेल, मान वळवेल, नको म्हणेल. थांबा. त्याला बघायला लावा.